ताब्याची नोटीस येते तेव्हा वकील कुठे असतो?

नाशिकमध्ये मराठी दैनिकांची आतली पाने उलटली की 'ताबा सूचना' या मथळ्याच्या चौकटी सापडतात. बारीक टाइपात कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून अनेकदा त्याच्या पत्नीचे नाव, थकलेल्या रकमेचा आकडा आणि मग मिळकतीचे वर्णन: मौजे अमुक, सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, फ्लॅट नंबर, चतुःसीमा. मिळकतीचा प्रतीकात्मक ताबा घेतल्याचे बँकेचा किंवा गृहवित्त कंपनीचा प्राधिकृत अधिकारी त्यात जाहीर करतो. घरात माणसे राहत असतात, दाराला कुलूप लागलेले नसते, त्यामुळे अजून बराच अवकाश आहे असा घरातल्यांचा समज होतो. पण कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागण्याची ४५ दिवसांची मुदत तेव्हा सुरू झालेली असते. प्रतीकात्मक ताब्याच्या टप्प्यावरही कर्जदाराला डीआरटीत जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. हा अधिकार मोलाचा आहे, पण तो वापरायचा तर आज उठून वकील गाठावा लागतो.

या चौकटीपर्यंत येईतो ते घर एकदाही न्यायालयाच्या पायरीवर चढलेले नसते. घरे जाण्याचे बहुतेक रस्ते आता कचेऱ्यांतून जातात. त्यात बँकेचा प्राधिकृत अधिकारी आहे, जिल्हादंडाधिकारी आहेत, सहकार खात्याचे उपनिबंधक, पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि प्रांतसाहेबही आहेत. गरिबाला मोफत वकील देणारी व्यवस्था मात्र अजून मनाने न्यायालयाच्या आवारातच बसलेली आहे. नाशिकला जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय ही दोन्ही ठिकाणे सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तेवढे अंतर ओलांडून मदत वेळेत पोचते का, या प्रश्नावर अनेक कुटुंबांचे छप्पर टिकते किंवा जाते.

सर्वांत वेगाने घर जाते ते २००२ च्या सरफेसी कायद्याने. सलग ९० दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग कलम १३(२) ची नोटीस येते आणि ६० दिवसांत सगळी रक्कम भरा असे सांगते. थकलेले हप्ते नव्हे, सगळे कर्ज. साठ दिवस उलटले की कलम १३(४) खाली ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी पोलीस लागले तर कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्यांनी ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत, आदेश द्यायचा असतो आणि त्या टप्प्यावर कर्जदाराचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नाही. मुंबईच्या एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे काम निव्वळ कार्यवाहीचे मानले आणि ताबा घेण्यासाठी वकिलालाही कमिशनर नेमता येते असे ठरवले. दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३४ ने जवळजवळ बंद केले आहे. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा टिकवला, पण डीआरटीत येण्याआधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. ती अट राहिली असती तर सामान्य कर्जदाराला कुठेच बोलता आले नसते.

मोठ्या थकबाकीदार उद्योगांना वठणीवर आणण्याच्या उद्देशाने आलेला हा कायदा पुढे छोट्या घरांपर्यंत उतरला. गृहवित्त कंपन्यांना तो मिळाला. बिगरबँक वित्तीय कंपन्यांसाठी कर्जाची किमान मर्यादा २०२१ मध्ये ५० लाखांवरून २० लाखांवर आली. सहकारी बँकांबद्दलचा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणातून घटनापीठापुढे गेला आणि ५ मे २०२० रोजी त्यांनाही सरफेसी लागू असल्याचे ठरले. गल्लोगल्ली सहकारी बँकेची शाखा असलेल्या नाशिकसारख्या शहरात या निकालाचा अर्थ फार मोठा आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा कामगार, पंचवटीतला भाजीवाला, सिडकोतला रिक्षाचालक यांच्याकडे पगाराची पावती नसते. मोठी बँक त्यांना दारात उभे करत नाही, म्हणून ते जास्त व्याजाच्या छोट्या वित्तसंस्थेकडे जातात. काम सुटले, अपघात झाला, घरात दुखणे आले की तीन हप्ते चुकायला वेळ लागत नाही.

अशा वेळी वकील नेमके काय करू शकतो, हे तपशिलाने सांगायला हवे; कारण 'कर्ज घेतले तर फेडलेच पाहिजे, वकील काय करणार' असे म्हणून हा विषय अनेक ठिकाणी मिटवला जातो. कर्ज फेडायलाच हवे, यात वाद नाही. पण कायद्याने धनकोवर घातलेली बंधनेही तितकीच खरी आहेत आणि ती तपासणारे कुणी नसले की ती कागदावरच राहतात. कलम १३(२) च्या नोटिशीला लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जाला तो लागू नाही. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी येणे उरले असेल तरी तो लागू नाही. पंधरा वर्षे हप्ते भरून शेवटच्या टप्प्यावर अडखळलेल्या माणसाला ही तरतूद वाचवते, पण ती त्याला कुणी सांगत नाही. कलम १४ च्या अर्जासोबत बँकेला नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ताब्याची नोटीस घरावर चिकटवावी लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस आणि मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल लागतो. यातले काही चुकले असेल तर डीआरटी ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकते.

मुदतींत सर्वांत निर्दय मुदत घर सोडवून घेण्याची आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीने ही संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या दिवसापर्यंत आखडली आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ कडकपणे लावला. नातेवाइकांकडून, भिशीतून, गावाकडची जमीन विकून पैसे जमवणारे कुटुंब अनेकदा लिलावाच्या दिवसाकडे डोळे लावून बसते. त्यांच्या हक्काचा दिवस त्याआधीच निघून गेलेला असतो. ही एक गोष्ट वेळेत सांगणारा माणूस भेटला, तर पुढे कुठलाही खटला न लढता घर वाचू शकते.

डीआरटी नाशिकला नाही. राज्यात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहे. कागद आता ऑनलाइन दाखल होतात, तरी तिथल्या कामाची सवय असलेला वकील, टंकलेखन, अर्जाची फी असा खर्च उभा राहतोच. डीआरटीत हरल्यावर अपील करायचे तर कलम १८ प्रमाणे देण्याच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते; अपील न्यायाधिकरण ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत उतरवू शकते. बारा लाखांचे कर्ज थकलेल्या माणसाने तीन लाख भरून अपील करावे, ही अपेक्षा कशी पुरी होणार? म्हणून त्याची खरी लढाई पहिल्याच पायरीवर असते.

आता मदतीची बाजू. महाराष्ट्राला हा वारसा जुना आहे: बॉम्बे लीगल एड सोसायटी १९२४ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये या प्रश्नावर समिती नेमली होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचे हक्कदार ठरवले आहेत. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.

या यादीतल्या दोन शब्दांकडे घराच्या प्रश्नात पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिला 'औद्योगिक कामगार'. सातपूर-अंबडच्या वसाहतींमुळे नाशिकमध्ये या वर्गात बसणारी माणसे हजारोंनी आहेत. दुसरा 'स्त्री'. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज-अनुदानात दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त असण्याची अट होती. महाराष्ट्राने २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. गृहकर्जात पत्नी सहकर्जदार असणे तर नित्याचेच. याचा अर्थ साधा आहे. ताब्याची नोटीस ज्या घरांवर लागते त्यांतल्या असंख्य घरांमध्ये मोफत वकील मागण्याचा विनाअट हक्क असलेली व्यक्ती घरातच आहे. नवरा 'माझे उत्पन्न जास्त, मला कोण वकील देणार' म्हणून हात टेकतो आणि नोटिशीवर नाव असलेल्या बायकोला आपल्या हक्काची कल्पनाच नसते. तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला तर तिच्या वतीने लढा उभा राहू शकतो, आणि घर तर दोघांचे एकच असते.

हा वकील फक्त न्यायालयापुरता असतो, हाही गैरसमज आहे. १९८७ च्या कायद्याने 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणे आणि निमन्यायिक अधिकार असलेली प्राधिकरणे स्पष्टपणे धरली आहेत. म्हणजे डीआरटी, उपनिबंधकांपुढची सुनावणी, महसुली अपिले या सगळ्यांत मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. कायदा इतका पुढे आहे. मागे राहिली आहे ती जमवाजमव. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांमध्ये फौजदारी आणि कौटुंबिक कामे करणारे पुष्कळ सापडतात. सरफेसीचे नियम, सहकार कायदा आणि सावकारी कायदा असे तिन्ही हाताळणारे थोडे, आणि तुटपुंज्या मानधनावर दुसऱ्या शहरातल्या न्यायाधिकरणात कोण धावणार? हा दोष वकिलांच्या माथी मारणे योग्य नाही. ज्या कामाला कौशल्य लागते त्याचा मोबदला आणि प्रशिक्षण व्यवस्थेनेच द्यायला हवे.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर रस्ता वेगळा. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधक वसुली दाखला देतात आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करतो. गावातले लोक याला थेट 'एकशे एकची नोटीस' म्हणतात. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या वसुलीत जमिनी लिलावात निघू लागल्यावर २०२३ मध्ये शेतकऱ्यांनी आंदोलने केली, तेव्हा ही कलमे शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली. ती लढाई मुख्यतः शेतीची, पण त्याच कलमांनी निफाड-सिन्नरमधली राहती घरेही जप्त होऊ शकतात. १०१ च्या चौकशीत कर्जदार हजर राहिला नाही की दाखला एकतर्फी निघतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण मागायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे इथेही वकिलाची गरज पहिल्या तारखेला आहे, दाखला निघाल्यावर नव्हे. लिलाव झालाच तर ३० दिवसांत येणे रक्कम आणि खरेदीदारासाठी पाच टक्के जादा भरून तो रद्द करून घेता येतो. विक्रीत गंभीर अनियमितता किंवा फसवणूक असेल तर त्याच मुदतीत अर्जही करता येतो. तीस दिवसांचा हा काळ शोकात आणि लाजेत असलेल्या घराला फार लहान पडतो.

तारण नसलेल्या कर्जात आणखी एक ढाल आहे आणि ती १९०८ पासून कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांचे राहते घर हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळले आहे. घर त्या कर्जालाच गहाण दिले असेल तर हे संरक्षण मिळत नाही. पण वैयक्तिक कर्ज, हातउसने, लवादाचा एकतर्फी निवाडा यांच्या वसुलीत मजुराच्या घरावर टाच आणण्याचा प्रयत्न झाला तर हरकत घेता येते. दुसऱ्याच शहरात बसून कंपनीनेच नेमलेल्या लवादाचे निवाडे पूर्वी सर्रास येत. एकतर्फी नेमणुकीला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अटकाव केल्यावर असे निवाडे आव्हान देण्याजोगे झाले आहेत.

या सगळ्यांपेक्षा अवघड गाठ खासगी सावकाराची. २०२३ च्या जानेवारीत सातपूरमधल्या एका कुटुंबातल्या बापाने आणि दोन तरुण मुलांनी जीव दिला आणि त्यामागे सावकारांचा जाच असल्याचे पुढे आले, तेव्हा शहर हादरले. महिना शेकडा पाच, दहा अशा दराने पैसे फिरतात. राज्याने २०१४ मध्ये परवानाधारक सावकारासाठी ठरवलेला कमाल दर बिगरशेती कर्जाला तारणासह वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के आहे. बाजारातला दर वर्षाला साठ, शंभरावर जातो. आणि तारण म्हणून गहाणखत नव्हे, थेट खरेदीखत लिहून घेतले जाते. 'पैसे परत कर, घर तुझ्या नावावर फिरवून देतो', एवढा तोंडी शब्द त्यामागे असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ नुसार परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार शर्तीच्या विक्रीचे गहाण ठरत नाही. सावकाराला हे नीट ठाऊक असते.

हे दुखणे महाराष्ट्राने दीडशे वर्षे पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले, दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपासून सुरुवात झालेल्या या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. पुढे जोडलेल्या कलम १०-अ मुळे खरेदीखत म्हणून लिहिलेला दस्त मुळात गहाण होता का, हे तोंडी पुराव्यानेही पाहता येऊ लागले. आजच्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मधल्या कलम १८ चा पिंड तोच आहे. सावकारीच्या ओघात विक्री, गहाण किंवा अन्य मार्गाने गेलेली स्थावर मिळकत पंधरा वर्षांच्या आत असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि घर मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत देण्याचा आदेश काढू शकतात. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात आहे.

इतका धारदार कायदा असूनही अर्ज फसतात, त्याचे कारण पुराव्यात आहे. समोरचा माणूस सावकारीचा धंदा करतो हे सिद्ध करावे लागते. एखाद्या सुट्या व्यवहाराने ते होत नाही. रोख दिलेल्या व्याजाची पावती नसते. सह्या केलेले कोरे धनादेश त्याच्याकडे असतात. इथे विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक फार मोलाचे काम करू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनच्या नोंदी शोधल्या, तर एकाच इसमाच्या नावे चार-पाच वर्षांत बाजारभावापेक्षा कमी किमतीची किती खरेदीखते झाली ते दिसते. विक्रीनंतरही वीजबिल आणि घरपट्टी जुन्याच मालकाने भरल्याचे, तोच तिथे राहत असल्याचे कागद जमवता येतात. बँकेच्या उताऱ्यावरून आणि फोनवरच्या संदेशांवरून व्याजाचा माग निघतो. त्याच सावकाराकडे घर अडकलेली आणखी दोन कुटुंबे शोधून त्यांचे अर्ज एकत्र उभे केले, की प्रकरणाचा चेहराच बदलतो. दिवाणी न्यायालयातही वाट पूर्ण बंद नाही: खरेदीखत नाममात्र होते आणि ते अमलात आणायचा हेतूच नव्हता हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका घराच्या खटल्यात १९८१ सालीच मान्य केले आहे. हे काम चिकाटीचे आहे, एका वकिलाच्या एका तारखेत होणारे नाही.

काही घरे परक्या माणसाने नव्हे, पोटच्या मुलाने घेतलेली असतात. म्हाताऱ्या आईने बक्षीसपत्र करून दिले आणि वर्षभरात तिची वळकटी व्हरांड्यात आली, असे अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणात येतात. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ ने असे हस्तांतरण रद्द होऊ शकते, पण सांभाळण्याच्या अटीवर ते केले होते हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात, मुलाने त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून दिलेले वचन ग्राह्य धरून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबाही परत देववला. या न्यायाधिकरणात वकिलाने उभे राहण्यास कायद्याच्या कलम १७ ने मज्जाव केला आहे. म्हणून इथे विधी सेवेची खरी जागा आधीची: बक्षीसपत्र नोंदवण्यापूर्वी आजी-आजोबांना अट लिहून घ्यायला सांगणारी. सासरच्या घरातून बाहेर काढल्या जाणाऱ्या सुनेला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तो मिळू शकतो असे ऑक्टोबर २०२० मध्ये ठरले. सासूचा आणि सुनेचा हक्क एकाच छताखाली समोरासमोर येऊन वाद न्यायालयात गेला, तर दोघींनाही मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. प्राधिकरणाने दोघींना वेगवेगळे, सारख्याच तयारीचे वकील द्यायला हवेत.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरीत, घर आणि जमीन वेगळी काढता येत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) नुसार दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरच्या कुटुंबाला हटवता येत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघून १२ तारखेला मुंबईत पोचलेल्या लाँग मार्चच्या मागण्यांत वनहक्क अग्रभागी होता. मोर्च्याने प्रश्न सरकारपुढे नेला, पण एकेका दाव्याचा नकाशा, पंचनामा, ज्येष्ठांचे जबाब आणि नामंजुरीविरुद्धचे अपील हे काम गावात बसूनच करावे लागते.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद होत आहेत, गोदाकाठ मोकळा केला जात आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस, सुनावणी आणि कारणांसह आदेश बंधनकारक केले. मात्र रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. नेमकी तिथेच सर्वांत गरीब वस्ती असते. तिला १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचा आधार आहे: १ जानेवारी २००० पूर्वीच्या रहिवाशाचे संरक्षण आणि २०११ पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसन. हा आधार मतदार यादीतले नाव, वीजबिल, जुने रेशनकार्ड अशा कागदांवर उभा राहतो. पुरात वाहून गेलेल्या कागदांच्या प्रती कार्यालयांतून काढून देणे ही इथली विधी सेवा.

जगात इतरत्र ही मदत आधीच्या टप्प्यावर आणण्याचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत घरांच्या लिलावांची लाट आली तेव्हा फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले, की मालक स्वतः राहत असलेले घर लिलावात काढण्याआधी बँक आणि कर्जदार यांची समोरासमोर बैठक झालीच पाहिजे. तिथे समुपदेशक आणि स्वयंसेवी वकील कर्जदाराच्या बाजूने बसत. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून घर गमावण्याची लेखी नोटीस हातात पडल्यापासूनच, उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या एका स्थलांतरित कामगाराचे घर गेले आणि त्याच्या वकिलाने प्रकरण युरोपीय न्यायालयात नेले. कर्ज करारातली अन्यायकारक अट तपासली जात असताना वसुली थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशाला नसणे ग्राहक हक्कांच्या युरोपीय नियमांविरुद्ध आहे, असे १४ मार्च २०१३ रोजी ठरले. त्याचा फायदा देशभरच्या कर्जदारांना झाला.

नाशिकला यातले बरेच नवा कायदा न करता करता येईल. कलम १३(२) आणि १०१ च्या नोटिशीसोबत, 'आपणास मोफत वकील मिळू शकतो' असा सोप्या मराठीतला कागद आणि १५१०० हा क्रमांक जोडण्यास बँका आणि सहकार खात्याला सांगता येईल. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज आला की त्याची यादी विधी सेवा प्राधिकरणाला कळवता येईल, म्हणजे स्वयंसेवक पोलिसांच्या आधी त्या दारात पोचेल. नोटीस मिळालेल्या कुटुंबासाठी सरफेसी, सहकार आणि सावकारी या तिन्ही कायद्यांचे चार-सहा वकील वेगळे तयार करता येतील आणि त्यांना डीआरटीच्या फेऱ्यांचा खर्च देता येईल.

राष्ट्रीय लोकअदालतीकडेही याच नजरेने पाहायला हवे. तिथे बँका खटला दाखल होण्याआधीची प्रकरणे मोठ्या संख्येने ठेवतात आणि अनेक कर्जदारांना व्याजात सूटही मिळते. ही चांगली गोष्ट आहे. पण लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. बँकेच्या टेबलापाशी तिचा अधिकारी आणि वकील बसतात. समोर चष्मा घरी विसरलेला सुपरवायझर किंवा हप्त्यांचे पुस्तक पदरात धरलेली बाई एकटीच असते. सहा महिन्यांत चार लाख भरण्याची तडजोड ती सही करून घरी नेते, आणि तिसऱ्या महिन्यात तो हप्ता झेपत नाही. सही करण्याआधी आकडा तपासायला, हप्ता झेपेल एवढा बांधून घ्यायला आणि 'आज नाही, पुढच्या तारखेला सांगतो' असे म्हणायला तिच्या शेजारच्या खुर्चीत पॅनेलवरचा वकील त्याच सभागृहात बसवता येतो. त्यासाठी प्राधिकरणाला इमारतीबाहेरही जावे लागत नाही.